वॉल्ट व्हिटमन : छत्तीस वर्षं हा माणूस होता कुठे?

उंबरझाड

मंडळी, महिनाभर एक प्रश्न डोक्यात घोळतोय. शेवटी धागा काढतोच.

१८५५ च्या जुलैत ब्रुकलिनमध्ये 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' नावाचं एक पातळ पुस्तक निघालं. ९५ पानं, १२ कविता, एकाही कवितेला स्वतःचं नाव नाही. शीर्षकपानावर कवीचंही नाव नाही. आत एका दाढीवाल्याचं चित्र, डोक्यावर टोपी, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. हा वॉल्ट व्हिटमन, वय ३६. तिथून पुढे अमेरिकन कवितेची चाल बदलली, यावर फारसं दुमत नाही.

माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हा माणूस १८३८ पासून कविता छापून आणत होता. मी त्यातल्या सापडल्या तेवढ्या वाचल्या. काय सांगू! यमकात बसवलेलं मरण आणि यमकात बसवलेलं वैराग्य. दिवाळी अंकात जाहिरातीखाली चार बोटं जागा उरली की जे टाकतात ना, तसलं. आणि मग एकदम, 'मी माझाच सोहळा करतो' म्हणत हा उभा राहतो. यमक नाही, मोजून मात्रा नाहीत, ओळ लांबच लांब.

मधे झालं काय? माझं मत : इमर्सन, त्या काळचा नावाजलेला अमेरिकन विचारवंत आणि लेखक. व्हिटमननं स्वतःच एका मित्राला सांगितलं होतं की मी नुसता रटरटत होतो, उकळी आणली ती इमर्सननं. तुम्हाला काय वाटतं? घर, शाळा, धंदा, काय काय धरायचं?

रात्रपाळी

दाढी वाढवली म्हणून झालं असेल. मीही वाढवून बघतो.

निवृत्त_मास्तर

उंबरझाड, विषय छान. पण उकळीचं श्रेय इमर्सनला द्यायचं तर एक गंमत लक्षात घ्या. म्हातारपणी याच व्हिटमननं सांगितलं की १८५५ पूर्वी मी इमर्सन वाचलाच नव्हता! आणि १८४२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला इमर्सनचं कवी या विषयावर व्याख्यान झालं, तेव्हा 'ऑरोरा' या दैनिकासाठी त्याची बातमी लिहायला श्रोत्यांत कोण बसला होता? हाच. तेव्हा व्हिटमनची स्वतःबद्दलची साक्ष कोर्टात टिकणारी नाही.

ब्रुकलिनवासी

मास्तर, साक्षीचा अजून एक नमुना. ४ जुलै १८२५ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला म्हातारा फ्रेंच सेनापती लाफाएत ब्रुकलिनला एका वाचनालयाची कोनशिला बसवायला आला होता. गर्दीतली पोरं उचलून सुरक्षित जागी ठेवत होते, त्यात लाफाएतनं सहा वर्षांच्या वॉल्टला उचललं. ही हकीकत त्यानं आयुष्यात अनेकदा सांगितली आणि दर वेळी ती थोडी सुधारत गेली. पुढे पुढे तर त्यात गालावर पापाही आला.

मी गेली नऊ वर्षं इकडे आहे. लाँग आयलंडला हंटिंग्टनजवळ वेस्ट हिल्समध्ये त्याचं जन्माचं घर आहे (जन्म ३१ मे १८१९). वडील सुतार, घरं बांधायचे. हे घरही त्यांनीच बांधलेलं. आता समोर मोठा मॉल आहे, त्याचं नाव काय असावं? वॉल्ट व्हिटमन शॉप्स. मी आधी मॉलमध्येच पोचलो, गाडी लावली, बूट घेतले, मग कवीकडे. घर बघितल्यावर मात्र एक कळतं. बाप कसबी होता. खिडक्यांच्या काचा त्या काळाच्या मानानं मोठ्या, आतल्या तुळया हातानं तासलेल्या.

कसब होतं, व्यवहार नव्हता. १८२३ ला सगळे ब्रुकलिनला आले, कारण गाव वाढत होतं आणि घरं विकली जातील अशी आशा. व्हिटमननंच लिहून ठेवलंय की फ्रंट स्ट्रीट, क्रॅनबेरी स्ट्रीट, जॉन्सन स्ट्रीट अशी एकामागून एक घरं झाली. वडिलांनी चांगली घरं बांधली, आम्ही त्यांत राहिलो, पण ती गहाण होती, गेली. बस, एवढंच.

पेणची_पोर

बाबांचं नाव निघालंच आहे तर. त्यांच्या तीन मुलांची नावं अँड्र्यू जॅक्सन, जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन. आडनाव व्हिटमन. 😀 आपल्याकडे एकाच घरात टिळक, गोखले आणि आगरकर अशी नावं ठेवून जेवायला हाक मारावी तसं.

पण घर सुखाचं होतं असं नाही. 'एक मूल रोज बाहेर पडायचं' ही त्याची कविता १८५५ च्या पुस्तकातच आहे. मूल जे जे बघेल ते ते होऊन जातं : लिलाक, गवत, कोकरं, रस्त्यावरचा दारुडा, शाळेत निघालेल्या मुली. आणि मग आईबाप. आई शांतपणे ताटं मांडते, तिची टोपी आणि झगा स्वच्छ. बाप मात्र बळकट, स्वतःपुरता, संतापी, अन्यायी. त्याचा फटका, चटकन उठणारा आवाज, घासाघीस करून केलेला सौदा. तीन-चार शब्दांत बाप उभा केलाय आणि एकही शब्द मऊ नाही. पुस्तक बाहेर पडल्यावर आठवड्याभरात, ११ जुलैला हे वडील वारले.

मला तर वाटतं त्याला घडवलं ते आईनं. लुइझा व्हान व्हेल्सर. डच घराणं, शिक्षण बेताचं, पण गोष्ट सांगायला आणि माणसांच्या नकला करायला एक नंबर. आठ जगलेली मुलं. थोरला पुढे वेड्यांच्या इस्पितळात वारला आणि धाकटा जन्मापासून अपंग. हे सगळं ती सांभाळत होती.

उंबरझाड

पेणची_पोर, ती कविता मी निसर्गकविता म्हणून वाचून पुढे गेलो होतो. परत वाचली. बापाची ओळ आली की एकदम घशात अडकते.

खिळेकरी

इमर्सन, आई, बाप सगळं खरं असेल. पण एक मोठी गोष्ट अजून कोणी काढलीच नाही. तो खिळेजुळारी होता हो, म्हणजे छपाईसाठी शिशाची सुटी अक्षरं, खिळे, एकेक जुळवणारा.

शाळा अकराव्या वर्षी सुटली. आधी वकिलाकडे पोऱ्या. तिथल्या वकिलांनी त्याला वाचनालयाची वर्गणी भरून दिली आणि तो अरबी कथा आणि वॉल्टर स्कॉट यांवर तुटून पडला. मग १८३१ ला, बारा वर्षांचा असताना, 'लाँग आयलंड पेट्रियट' या पत्राच्या छापखान्यात उमेदवार. विल्यम हार्ट्सहॉर्न नावाच्या म्हाताऱ्या जुळाऱ्यानं शिकवलं. त्या पहिल्या दिवसाचं वर्णन व्हिटमननं पुढे लिहिलंय. पोराचा हात केसपर्यंत, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपर्यंत, पोचत नाही म्हणून पायाखाली जुन्या केसेस ठेवलेल्या. स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची हातातली पट्टी, धरायची ती अवघडून. वरची केस आवाक्याबाहेर. 'ई'चा खण सगळ्यांत मोठा, आणि कोऱ्या जागेच्या खिळ्यांचा खण बरोबर छातीशी.

हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मी तसाच उभा होतो. आमच्या वडिलांचा तालुक्याच्या गावी छापखाना होता. पायानं चालवायचं छापयंत्र, ट्रेडल, एक, केसेसची घोडी चार. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीची पावतीपुस्तकं. सातवीच्या सुट्टीत मला रॉकेलच्या खोक्यावर उभं केलं. इंग्रजीला दोन केसेस पुरतात. आपल्याला जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून शेकड्यानं खण. हाताला खण पाठ व्हायला मला दोन उन्हाळे लागले.

या कामात एक गोष्ट होते, ती बाहेरच्याला कळत नाही. मजकूर उलटा दिसतो, म्हणून तुम्ही अर्थ वाचत नाही, अक्षर वाचता. शब्दाला वजन असतं, खरंखुरं, शिशाचं. एक पान म्हणजे दोन हातांनी जपून उचलायची वस्तू. माझं म्हणणं एवढंच की असला माणूस यमक पटकन सोडू शकतो. यमक कानाचं असतं. याची ओळ हाताची होती.

रात्रपाळी

खिळेकरी काका, दंडवत. पण एक विचारतो. हातून चुका व्हायच्या का?

खिळेकरी

व्हायच्या? एका पत्रिकेत 'चि.' च्या जागी 'कै.' गेलं. जुळवलं मी, प्रूफ वाचलं मी. नवरदेव स्वतः पत्रिका घ्यायला आला होता. वडिलांनी रात्रीत ३०० पत्रिका पुन्हा छापून दिल्या, पदरच्या कागदावर. मला आठ दिवस खोक्यावर चढू दिलं नाही.

निवृत्त_मास्तर

खोक्यावरून आठवलं. (अवांतर आहे, चालवून घ्या.) १८३१ मध्ये ब्रुकलिनला हे पोर छापखान्यात शिरलं, त्याच १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग शिळाछापावर छापलं. गणपत कृष्णाजी तयार झाले कुठे? मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्रींचं 'दर्पण'. व्हिटमनचा आणि आपला काही संबंध नाही, पण शाई एकाच वेळी वाळत होती.

आणि त्याची ती अकराव्या वर्षी सुटलेली शाळा. ब्रुकलिनची एकुलती एक सरकारी शाळा, लँकेस्टर पद्धतीची. एक मास्तर, ढीगभर पोरं, मोठी पोरं लहानांना शिकवणार, चुकलं की छडी. या पद्धतीचा दुसरा जनक अँड्र्यू बेल. त्याला ही कल्पना मद्रासला सुचली, तिथल्या गावठी शाळेत पोरं वाळूत अक्षरं गिरवताना बघून. म्हणजे आपली धूळपाटीच जग फिरून आली म्हणायची. ब्रुकलिनच्या त्या मास्तरांच्या आठवणीत वॉल्ट थोराड, स्वभावानं चांगला, पण गबाळा.

सावलीचं_घड्याळ

धूळपाटीपासून व्हिटमन! अजून दोन प्रतिसादांत पुष्पक विमान येणार.

निवृत्त_मास्तर

सावली, मी बेल म्हटलं, व्हिटमन नाही. तरी टोला मान्य.

वेलदोडा

विमान नको, पण गीतेचं काय? ती 'मी माझाच सोहळा'वाली कविता, जिला पुढे 'साँग ऑफ मायसेल्फ' नाव मिळालं, ती वाचताना मला सारखा दहावा अध्याय आठवतो. मीच हे, मीच ते. त्यानं गीता वाचली होती का?

उंबरझाड

वेलदोडा, हा प्रश्न इमर्सनचा मित्र, लेखक हेन्री थोरो यालाही पडला होता. १८५६ च्या नोव्हेंबरात तो ब्रुकलिनला व्हिटमनच्या घरी गेला. हे पौर्वात्य ग्रंथांसारखं वाटतं, तुम्ही ते वाचलेत का, म्हणून त्यानं सरळ विचारलं. उत्तर आलं : 'नाही. त्याबद्दल सांगा मला.' आणि पुढे १८८८ मध्ये व्हिटमननं जे सिंहावलोकन लिहिलं, त्यात तरुणपणी वाचलेल्यांच्या यादीत प्राचीन हिंदू काव्यं आहेत! आता काय बोलणार.

इमर्सनचा शेरा सांगतात तो मात्र भारी आहे. हे पुस्तक म्हणजे भगवद्गीता आणि 'न्यूयॉर्क हेराल्ड' यांचं मिश्रण.

सावलीचं_घड्याळ

त्यातला 'हेराल्ड' आपण सोडून देतो आणि गीता तेवढी ठेवतो. मला वाटतं 'हेराल्ड'च खरा. हा माणूस वीस वर्षं वार्ताहर, संपादक, अग्रलेखवाला. रस्त्यावरची आग, खून, मिरवणूक, बोटीचा स्फोट, सगळं एका स्तंभात एकाखाली एक. त्याच्या कवितेतल्या त्या लांबलचक याद्या म्हणजे वर्तमानपत्राचं पान आहे, विभूतियोग नाही.

आणि आरती ओवाळायच्या आधी एक. व्हिटमन घराण्याची लाँग आयलंडवर मोठी शेती होती, आणि त्या शेतावर गुलाम राबायचे. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपली ती ४ जुलै १८२७ ला, म्हणजे हा आठ वर्षांचा असताना. १८४८ ला 'ब्रुकलिन ईगल'ची संपादकी गेली ती नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको या भूमिकेपायी, हे त्याच्या बाजूचं. पण त्या काळच्या त्याच्या अग्रलेखांत गुलामापेक्षा गोऱ्या कामगाराच्या पोटाची काळजी जास्त आहे. काळ्या माणसांबद्दल त्यानं पुढे बोललेलं काही काही आज वाचवत नाही. सर्वांचा कवी वगैरे म्हणताना हेही पुढ्यात असू द्या.

पेणची_पोर

सावली, अग्रलेखांचं मान्य. पण त्याच १८४८ मध्ये तो न्यू ऑर्लीन्सला तीन महिने राहिला, 'क्रेसेंट' या दैनिकात, बरोबर पंधराएक वर्षांचा भाऊ जेफ. तिथे माणसांचे लिलाव होताना त्यानं पाहिले. १८५५ च्या पुस्तकात देहावरच्या कवितेत तो स्वतःच लिलाववाल्याच्या शेजारी उभा राहतो आणि म्हणतो, याला आपला धंदा नीट येत नाही. मग स्वतः त्या देहाची किंमत सांगायला लागतो, आणि ती कुठल्याच बोलीत मावत नाही. अग्रलेखवाल्याला हे जमलं नसतं.

वेलदोडा

न्यू ऑर्लीन्सला प्रेमप्रकरण झालं आणि तिथून तो कवी झाला असं कुठेतरी वाचलंय.

उंबरझाड

ते चरित्रकारांनी लावलेलं लग्न आहे. पुरावा काही नाही. ज्या कवितेवरून हे रचलं, गजबजलेल्या शहरातून जाताना भेटलेली ती बाई, त्या कवितेच्या हस्तलिखितात बाई नाहीच, पुरुष आहे. छापताना बदललं.

रात्रपाळी

हे मात्र प्रूफ वाचूनच केलेलं दिसतं.

निवृत्त_मास्तर

मी मास्तर, म्हणून मास्तरकीबद्दल बोलतो. १८३५ मध्ये न्यूयॉर्कला दोन मोठ्या आगी लागल्या, छापखान्यांची वस्तीही त्यात सापडली, कामं गेली. म्हणून १८३६ ला, सतराव्या वर्षी, हा लाँग आयलंडच्या खेड्यांत शिकवायला गेला. पाच वर्षं, या गावाहून त्या गावाला. पद्धत अशी की मास्तरनं पाळीपाळीनं पोरांच्या घरी राहायचं आणि जेवायचं. आपल्याकडचा माधुकरीवाला विद्यार्थी असतो तसा इथे माधुकरीवाला मास्तर.

वुडबरी गावाहून १८४० ला मित्राला लिहिलेली त्याची पत्रं आहेत. पत्त्याच्या जागी त्यानं चक्क सैतानाची गुहा लिहिलंय. जेवणाला शिव्या, गावकऱ्यांना शिव्या, पोरांना शिव्या. सर्व जनांवर प्रेम करणारा कवी अजून जन्माला यायचा होता. ही पत्रं मी दोनदा वाचली, कारण माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावाहून बायकोला लिहिलेली माझी पत्रं यापेक्षा वेगळी नव्हती.

पण पोरांना तो मारत नसे. आणि १८४१ ला त्यानं एक गोष्ट छापली, शाळेतल्या मरणाची. मास्तर बाकावर डोकं ठेवून पडलेल्या पोराला झोपलाय समजून वेतानं झोडपतो. पोर आधीच मेलेलं असतं. गोष्ट भडक आहे, पण ज्यानं लिहिली तो त्या छडीच्या शाळेत बसलेला होता.

रात्रपाळी

आणि ती दारूबंदीची कादंबरी? उंबरझाड, तुम्ही वाचलीत का?

उंबरझाड

चाळली. 'फ्रँकलिन इव्हान्स', १८४२. पुढे तो स्वतःच तिला कचरा म्हणायचा. वर असंही सांगायचा की तीन दिवसांत लिहिली, पोर्ट वाइनच्या जोरावर.

रात्रपाळी

मला हा माणूस आवडायला लागला.

ब्रुकलिनवासी

आवाजाचं कोणीच बोललं नाही. दोन प्रसंग.

पहिला, नोव्हेंबर १८२९. वॉल्ट दहा वर्षांचा. वडील कामावरून आले, स्वयंपाकघरात जळणाच्या ढलप्यांचा भारा दाणकन टाकला आणि आईला म्हणाले, चल, आज इलायस बोलणार आहे. इलायस हिक्स म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा बंडखोर उपदेशक, वय ८१, तोही मूळचा सुतार, लाँग आयलंडचाच. प्रवचन हॉटेलच्या दिवाणखान्यात. पोरालाही नेलं, गडबड करायची नाही या बोलीवर. हिक्सचं सांगणं साधं होतं : धर्मपीठ, पोथी यांच्या आधी आतला उजेड. पोराला अर्थ किती कळला कोण जाणे. पण त्या बोलण्याची चढउतार, ते मधेच थांबणं, हे त्यानं जवळजवळ साठ वर्षांनी लिहून काढलं. तो ढलप्यांचा आवाजसुद्धा.

दुसरा प्रसंग ऑपेरा. वार्ताहर असल्यामुळे नाटकांना फुकट प्रवेश. १८५२-५३ मध्ये मारिएत्ता आल्बोनी ही इटालियन गायिका न्यूयॉर्कला आली. तिचा तिथला एकही प्रयोग मी सोडला नाही, असं तो म्हणतो. ऑपेरा नसता तर 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' लिहिलंच नसतं, असंही. खिळेकरी काका, तुमच्या 'हाताची ओळ' याला माझा इथे विरोध आहे. ती ओळ मोठ्यानं वाचा. मधे एक साधा बोलल्यासारखा तुकडा येतो आणि मग एकदम गळा उघडतो. हे हातानं होत नाही.

खिळेकरी

ब्रुकलिनवासी, मोठ्यानं वाचून पाहिलं. नातवंडं बघायला आली. तुमचं अर्धं मान्य.

उरलेलं अर्धं सांगतो. पुस्तक छापलं रोम बंधूंच्या छापखान्यात, फुल्टन आणि क्रॅनबेरी रस्त्यांच्या कोपऱ्यावर. म्हणजे लहानपणी ज्या क्रॅनबेरी रस्त्यावर गहाणाच्या घरात राहिला, त्याच्याच टोकाला. काही पानं, दहाएक, त्यानं स्वतः जुळवली. एकूण प्रती ७९५. रोम बंधूंचा मुख्य धंदा कोर्टकचेरीचे छापील फॉर्म, त्यामुळे मोठ्या आकाराचं पान त्यांच्या हातचं. एका अभ्यासकाचं म्हणणं आहे की ते मोठं पान आणि ती लांब ओळ यांचा संबंध असावा. मला ते पटतं. कागद समोर असला की त्याप्रमाणे डोकं चालतं. आम्ही हँडबिलाचा मजकूर कागद बघून वाढवायचो, कमी करायचो.

दुसरं. त्या आवृत्तीत जिथेतिथे स्वल्पविरामाऐवजी चार चार टिंबं आहेत. वाचणाऱ्याला श्वास वाटतो, ब्रुकलिनवासींना गाणं वाटेल. जुळाऱ्याला ते चार वेगळे उचलायचे खिळे वाटतात. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर जुळाऱ्यानं पहिल्याच पानावर शिव्या देऊन काम टाकलं असतं.

तिसरं म्हणजे त्याच पुस्तकातल्या कामधंद्यांच्या कवितेची सुरुवात. जवळ या, म्हणतो. तुमच्यामाझ्यामधे हे थंड खिळे, हा रूळ आणि हा ओला कागद आलाय, त्यानं मी गारठलोय. ज्यानं पहाटे थंडीत शिशाला हात लावलाय, तोच हे लिहील. कागद ओला का, तर छापण्याआधी तो भिजवून ठेवायचे, शाई नीट धरावी म्हणून. एवढी ओळ वाचली आणि मी पुस्तक विकत घेतलं.

सावलीचं_घड्याळ

हे मात्र मला माहीत नव्हतं. कागदाची बाब नोंदवून ठेवतो.

वेलदोडा

आणि ते डोक्याच्या कवटीवरून भविष्य? कुणीतरी म्हटलं होतं, आता प्रतिसाद सापडत नाही.

पेणची_पोर

कुणी म्हटलं नव्हतं, पण बरं आठवलं. १८४९ च्या जुलैत लोरेन्झो फाउलर नावाच्या कवटीतज्ज्ञाकडून त्यानं डोकं तपासून घेतलं. उंचवटे मोजून गुण द्यायचे, त्याचा तक्ता मिळायचा. याला आत्मसन्मान, मैत्री वगैरेत भरघोस गुण. तो तक्ता त्यानं जन्मभर जपला आणि छापलासुद्धा. शास्त्र म्हणून ते खोटं. पण रोज कुणाच्या तरी ताबेदारीत काम करणाऱ्या ३० वर्षांच्या माणसाला कागदावर कुणी लिहून दिलं की तू मोठा आहेस. आमच्या आत्याच्या पत्रिकेत राजयोग होता, ती त्या जोरावर दोनदा एमए झाली.

ब्रुकलिनवासी

:) आत्यांना नमस्कार. १८३८ चं राहिलंच. एकोणिसाव्या वर्षी त्यानं हंटिंग्टनला स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'लाँग आयलंडर'. लेखक तो, जुळारी तो, छापणारा तो, आणि नीना नावाच्या घोडीवर बसून शेताशेतांतून अंक वाटणाराही तोच. वर्ष भरायच्या आत सोडून दिलं, पण साप्ताहिक इतरांनी चालवलं आणि ते आजही निघतं. मॉलमध्ये त्याचा अंक फुकट मिळेल असं वाटलं होतं. मिळाला नाही.

उंबरझाड

मंडळी, मी इमर्सनवर अडून होतो. आता एवढं कबूल करतो की उकळी इमर्सनची असेल, पण चुलीवर काय काय होतं त्याचा मला पत्ता नव्हता. तरी एक शंका राहते. हिक्स लाँग आयलंडभर बोलत फिरला, छापखान्यात हजारो पोरं खोक्यावर उभी राहिली, आल्बोनी हजारोंनी ऐकली. यांतला एकच व्हिटमन झाला.

शेवटी काका, तुमच्यासाठी एक खास. 'साँग ऑफ मायसेल्फ'ची अगदी शेवटची ओळ, कुठेतरी थांबलोय मी, तुझी वाट बघत. १८५५ च्या बहुतेक प्रतींत या ओळीनंतर पूर्णविरामच नाही. कविता संपत नाही, वाचक पुढे चालवतो, अशी त्याची केवढी तरी मीमांसा झाली. मग काही थोड्या प्रती सापडल्या ज्यांत पूर्णविराम आहे!

खिळेकरी

पडला असणार, दुसरं काय. ओळीच्या टोकाचं टिंब म्हणजे नखाएवढं शिसं. पुढची मोकळी जागा नीट ठासून भरली नसेल तर पन्नास-शंभर कागदांनंतर ढिलं होतं आणि शाईच्या रुळाला चिकटून निघून येतं. छापणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण टिंब नाही म्हणून कोण मशीन थांबवतो? आमच्याकडे केर काढताना रोज पाचदहा सापडायची, वडील ती वेचून परत खणात टाकायचे.

फक्त ते पान त्यानं स्वतः जुळवलेल्या दहांपैकी होतं का, हे कळलं तर बरं. ब्रुकलिनवासी, तिकडच्या एखाद्या ग्रंथालयात पहिल्या आवृत्तीची प्रत बघायला मिळत असेल तर ती ओळ भिंगाखाली बघून या. टिंब नसेल तर त्या जागी कागदावर काही दाब उमटलाय का, तेवढं सांगा.

ब्रुकलिनवासी

पुढच्या शनिवारी जातो, काका. भिंग नेऊ देतात का ते विचारून ठेवतो.